हलक्या स्पोर्ट्स कारला पावसाचे टायर घेताना मी काय बघतो

माझी गाडी जेमतेम ९०० किलोची, दोन सीटवाली, मागची चाकं ओढणारी. सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिला २०५/५० आर१५ चे (रुंदी २०५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे टायरची बाजू त्या रुंदीच्या ५० टक्के उंच, रिम १५ इंची) सेमी स्लिक, म्हणजे कमी खाचांचे ट्रॅकवाले टायर, घातले होते, दिसायला एकदम भारी आणि कोरड्यात काय ग्रिप राव, गोंद लावल्यासारखी. मग एका पावसात सरळ रस्त्यावर ताशी ८० ने जाताना डावी चाकं चाकोरीत साचलेल्या पाण्यात गेली आणि स्टिअरिंग एकदम पोकळ झालं, म्हणजे हातात नुसतं कडं आहे आणि खाली काही जोडलेलंच नाही असं, आरपीएमचा काटा टुणकन वर उडाला पण गाडीचा वेग तसूभर वाढला नाही. ॲक्सिलरेटर हळूच सोडला, ब्रेकच्या वाटेला गेलो नाही, स्टिअरिंग सरळ धरून बसलो, दोनेक सेकंदांत पकड परत आली. आणि तेवढ्यात शेजारून एक साधी फॅमिली हॅचबॅक, मागच्या सीटवर दोन पोरं, माझ्यापेक्षा जास्त वेगात तसल्याच पाण्यातून काही झालंच नाही अशी निघून गेली. भीती राहू दे बाजूला, इज्जतच गेली.

तर हे सगळं त्यानंतर शिकलेलं आहे, आणि थोडक्यात सांगायचं तर टायरचे जे रिव्ह्यू, टेस्ट, लेबलं आपण बघतो ती जवळपास सगळी आपल्यापेक्षा बऱ्याच जड गाड्यांवरची असतात, त्यामुळे हलक्या गाडीवाल्याने तोच निकाल जसाच्या तसा उचलला की फसतो. आधी साइज, मग नक्षी, मग रबर, आणि कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी, मी याच क्रमाने जातो.

साइज आधी का, ते जरा नीट बघू कारण सगळी गंमत तिथेच आहे. ९०० किलोची गाडी म्हणजे एका चाकावर साधारण २२५ किलो. हवा २८ पीएसआय म्हणजे ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला २ किलो. भागाकार केला की टायर रस्त्याला चिकटतो ती जागा येते ११०-११५ चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डाहून लहान. आता लोकांना वाटतं टायर रुंद घेतला की ही जागा वाढते, तर तसं होत नाही, वजन तेच आणि हवा तीच असेल तर जागाही साधारण तेवढीच राहते, फक्त आकार बदलतो, रुंदीला वाढते आणि लांबीला कमी होते. १८५ च्या टायरची जमिनीला लागणारी रुंदी समजा १५ सेंटिमीटर धरली तर लांबी साडेसात येते, २२५ ची १९ धरली तर लांबी जेमतेम सहा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे अरुंद टायरला पाणी बाजूला सारून खाली रस्ता गाठायला साधारण ३.४ मिलिसेकंद मिळतात आणि रुंद टायरला २.७. वर रुंद टायरला काम जास्त! रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी असेल तर १५ सेंटिमीटरवाल्याला सेकंदाला १० लिटर पाणी हटवायचं असतं, १९ वाल्याला साडेबारा-तेरा लिटर. म्हणजे वेळ कमी, काम जास्त. कोरड्यात रुंद टायरचे फायदे आहेत, ते मी नाकारत नाही, पण पाण्यात हलक्या गाडीला २२५ म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

गाड्या बनवणाऱ्यांना हे माहीत असतंच. १९८९ ची पहिली माझदा एमएक्स-५ आली ती १८५/६० आर१४ वर, १९९६ च्या पहिल्या लोटस एलिसला पुढे १८५/५५ आर१५ आणि मागे २०५/५० आर१६, आणि एलिसचं वजन तर सव्वासातशे किलोच्या आसपास. इंजिनिअर लोकांनी डोकं लावून दिलेले साइज असतात हे, नंतर मालक लोक रिम मोठे करून टायर फुगवत नेतात आणि मग पाऊस आला की गाडीला शिव्या.

म्हणून पहिलं काम, गाडीचं हँडबुक किंवा दाराच्या चौकटीवरचा स्टिकर काढा आणि मूळ साइज काय होता ते बघा. सध्याचा टायर त्याहून रुंद असेल तर परत मूळवर जा, हा सगळ्यात सोपा उपाय. एक पायरी खाली जायचं असेल तर दोन गोष्टी जुळवायच्या, चाकाची एकूण उंची आणि रिमची रुंदी. उंचीचा हिशोब सोपा आहे, रुंदी गुणिले साइडवॉलची टक्केवारी गुणिले दोन, अधिक रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि एक इंच म्हणजे २५.४. माझंच उदाहरण, २०५/५० आर१५ ची उंची ५८६ मिलिमीटर, १८५/५५ आर१५ ची ५८४.५, दीड मिलिमीटरचा फरक, स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. पण १८५/५५ हा टायर साधारण ५ ते साडेसहा इंच रुंदीच्या रिमसाठी असतो, तुमचा रिम सात इंची असेल तर तो ताणून बसवायच्या भानगडीत पडू नका, तिथे १९५/५० घ्या, तो साडेपाच ते सातपर्यंत चालतो, फक्त त्याची उंची ५७६ येते ते लक्षात ठेवा. रिमची रुंदी रिमच्या आतल्या बाजूला कोरलेली असते, ६.५जे असं काहीतरी, चाक काढून बघावं लागतं, अंदाजाने ऑर्डर टाकू नका. आणि पुढे-मागे वेगळे साइज असणारी गाडी असेल तर दोन्हीकडे मिळून बदल करा, फक्त पुढचे अरुंद केले की नाक वळेना आणि फक्त मागचे केले की शेपूट सुटणार.

आता दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा, तुमचं पाणी कुठलं? हा प्रश्न कोणी विचारतच नाही. पाऊस म्हणजे एकच काहीतरी असं आपण धरून चालतो पण रस्ता नुसता ओला असणं आणि रस्त्यावर पाणी साचलेलं असणं या टायरच्या दृष्टीने दोन वेगळ्या परीक्षा आहेत. नुसता ओला रस्ता असेल तर खेळ रबराचा, रबर मऊ आणि चिकट असेल तर खाचा कमी असल्या तरी टायर पकडतो, म्हणूनच काही सेमी स्लिक रिमझिम पावसात चक्क चांगले चालतात आणि मालकाला वाटतं अरे याला तर पाऊसही जमतो, आणि मग पहिलं साचलेलं पाणी लागलं की माझ्यासारखी फजिती. साचलेल्या पाण्यात खेळ खाचांचा आणि साइजचा, रबर कितीही भारी असलं तरी ते रस्त्याला टेकलंच नाही तर उपयोग काय.

हे समजलं की लेबलं वाचणं सोपं होतं. युरोपात टायरवर जे लेबल २०१२ पासून लागतं आणि मे २०२१ पासून नव्या रूपात आलं, त्यात ओल्या पकडीला ए ते ई असा ग्रेड असतो. लोक ए बघतात आणि निर्धास्त होतात. तो ग्रेड कसा काढतात, तर साधारण एक मिलिमीटर पाणी असलेल्या रस्त्यावर ताशी ८० वरून २० पर्यंत ब्रेक मारून, सरळ रेषेत, नव्या टायरवर. त्यात वळण नाही, साचलेलं पाणी नाही, अर्धा झिजलेला टायर तर नाहीच. अमेरिकेतला एए, ए, बी, सी हा ट्रॅक्शनचा ग्रेडही तसाच, सरळ ब्रेकिंगचा, टायर पाण्यावर तरंगतो की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून मी ए किंवा बी असेल तर पुढे बघतो, सी च्या खाली बघत नाही, पण तेवढ्यावर निर्णय घेत नाही. टायरच्या तुलना करणाऱ्या टेस्टमध्ये ॲक्वाप्लेनिंगचे, म्हणजे टायर पाण्यावर तरंगण्याचे, आकडे वेगळे दिलेले असतात, सरळचे आणि वळणातले, ते शोधा, आणि त्यातले किलोमीटरचे आकडे सोडून द्या, नुसता क्रम बघा. टेस्टमधल्या हॅचबॅकचा टायर ताशी ८५ ला तरंगला तर तुमचा कदाचित आणखी आधी तरंगेल, पण जो टायर तिथे पहिला-दुसरा आला तो तुमच्याकडेही बहुधा वरच राहील.

नक्षीबद्दल. दुकानात टायर हातात घ्या आणि तीन गोष्टी बघा. एक, गोल गोल जाणाऱ्या मुख्य खाचा किती रुंद आणि किती खोल, नव्या रोड टायरला सात-आठ मिलिमीटर खोली असते, ट्रॅकवाल्या टायरला त्याहून कमी. दोन, त्या खाचांतून बाहेरच्या कडेपर्यंत पाण्याला मोकळी वाट आहे का, का आडव्या खाचा मध्येच कुठेतरी बंद होतात, कारण वाट बंद असेल तर पाणी जाणार कुठे. तीन, रबराचा भाग आणि खाचांचा भाग यांचं प्रमाण. साच्यात ओतल्यासारखा सलग गुळगुळीत पट्टा आणि त्यात चार रेघा, असा टायर असेल तर तो कोरड्याचा, जाहिरातीत काहीही म्हणोत. व्ही आकाराची, बाणासारखी एकाच दिशेची नक्षी साचलेल्या पाण्याला चांगली, युनिरॉयलने १९६९ मध्ये खास पावसाचा टायर म्हणून बाजारात आणला तेव्हापासून ही कंपनी त्याच धंद्यात आहे आणि त्यांचा रेनस्पोर्ट १५ इंची साइजमध्येही मिळतो, जे महत्त्वाचं, कारण मोठ्या कंपन्यांचे एकदम वरचे टायर बऱ्याचदा १७ इंचाच्या खाली नसतातच. ही आपल्या लोकांची खरी अडचण. जगातला सर्वात भारी ओला टायर १८ इंची असेल तर तो आपल्याला पाण्यातली म्हैस, मोल करून उपयोग नाही. असिमेट्रिक, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या अर्ध्यात वेगळी नक्षी असलेले, टायरही आता खूप चांगले असतात, त्यावर मी अडून बसत नाही, पण पाणी साचणाऱ्या रस्त्यावर रोज जाणं असेल तर मी व्ही कडे झुकतो.

खाचांची ताकद किती असते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, फॉर्म्युला वनचा पूर्ण पावसाचा टायर ताशी ३०० ला सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो असं पिरेली सांगतं, आणि कमी पावसाचा इंटरमीडिएट ३० लिटर. तिथेसुद्धा पावसाचे दोन वेगळे टायर ठेवतात बघा, आणि आपण एकाच टायरकडून सगळं मागतो.

रबर. मऊ हवं पण कुठल्या तापमानाला मऊ हे बघा. ट्रॅकचं रबर गरम झाल्यावर चिकटतं, आणि हलकी गाडी टायर तापवतच नाही, त्यात वरून थंड पाण्याचा मारा, म्हणजे ते रबर पावसात कधी जागंच होत नाही. टायरच्या कडेवर ट्रेडवेअर असा आकडा असेल (जितका कमी तितकं रबर साधारण मऊ आणि लवकर झिजणारं) तर १०० च्या आसपासचे टायर सरळ बाजूला ठेवा, २०० वाले कोरड्या-ओल्या मिश्र वापराला ठीक, रोजच्या पावसाला ३०० च्या आसपासचा चांगल्या कंपनीचा टायर हलक्या गाडीला मस्त जातो. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते त्यामुळे दोन कंपन्यांमधली दहा-वीसची तुलना करत बसू नका. सिलिका जास्त असलेलं कंपाउंड ओल्यात चांगलं, मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिकावाला टायर आणला आणि आता सगळेच वापरतात, त्यामुळे सिलिका आहे हे सांगून कोणी भाव खात असेल तर हसा आणि पुढे जा. जिथे थंडीत पाऊस पडतो, पारा सात अंशांच्या खाली जातो, तिथे उन्हाळी टायर कडक पडतो, तिकडच्या लोकांनी सरळ ऑल सीझन घ्यावेत. स्पोर्ट्स कारला ऑल सीझन म्हटलं की काही जण नाक मुरडतात, मुरडू दे, जड गाडीखाली त्याचे मऊ ठोकळे लिबलिबतात तेवढे हलक्या गाडीखाली लिबलिबत नाहीत.

एक्सएल लिहिलेला टायर शक्यतो टाळा. एक्सएल म्हणजे जास्त वजन पेलणारा, साइडवॉल कडक. लोड इंडेक्स ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, चार मिळून १९००, आपली गाडी त्याच्या निम्मी. वर आणखी कडक टायर घातला की गाडी लाकडी चाकांवर चालल्यासारखी वाटते आणि ओल्यात पकड कधी सुटणार त्याची आधी सूचनाच मिळत नाही. हँडबुकमध्ये लिहिलेल्या इंडेक्सच्या खाली मात्र जायचं नाही, आणि स्पीड रेटिंगच्याही.

वयाचा मुद्दा हलक्या गाडीत फार वेगळा आहे. साधी गाडी टायर झिजवते, आपली गाडी टायर म्हातारे करते. रविवारी सकाळी बाहेर काढायची गाडी, वजन कमी, सहा वर्षांनीही पाच मिलिमीटर नक्षी शिल्लक, आणि मालक म्हणतो अजून नवेच आहेत की! नखाने दाबून बघा, रबर काचेसारखं झालेलं असतं. टायरवर डीओटीच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २५२३ म्हणजे २०२३ चा पंचविसावा आठवडा. बनवल्यापासून १० वर्षं झाली की नक्षी कितीही असो बदला असं मिशेलिन सांगतं, पण ते कमाल मर्यादेचं झालं, ओल्यात चालवायची हलकी गाडी असेल तर मी पाच-सहा वर्षांत काढतो. दुकानात नवीन म्हणून दोन-तीन वर्षं पडून राहिलेले टायर मिळतात, विशेषतः आपल्या विचित्र साइजमध्ये, तेव्हा पैसे देण्याआधी चारही टायरचे आकडे स्वतः वाचा. झिजण्याची कायदेशीर मर्यादा बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर आहे, पण तेवढा झिजलेला टायर हलक्या गाडीखाली पावसात जवळपास गोटाच, ३ मिलिमीटरला बदला.

आता हवा, आणि यात सगळ्यात जास्त चुकीची माहिती फिरते. पावसात हवा थोडी कमी करा, ग्रिप वाढते, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. उलट आहे. १९६३ मध्ये नासाने विमानांच्या टायरवरचा अभ्यास छापला, त्यातला नियम असा की तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो, ताशी किलोमीटरमध्ये साधारण १६.७ गुणिले पीएसआयचं वर्गमूळ. ३६ पीएसआयला १०० येतात, २५ ला ८३, आणि अगदी हलक्या उघड्या गाड्यांत लोक १८ ठेवतात तिथे ७१. हा हिशोब नक्षीला झेपत नाही एवढं पाणी असेल तेव्हाचा, चांगली नक्षी असेल तर प्रत्यक्षात थोडी जास्त सूट मिळते, पण दिशा कळली ना. पुढे नंतरच्या अभ्यासांतून असंही दिसलं की रिकामा ट्रक भरलेल्या ट्रकपेक्षा कमी वेगात तरंगतो, कारण वजन नसलं की जमिनीला लागणारा भाग आखूड आणि रुंद होतो. रिकामा ट्रक आणि आपली स्पोर्ट्स कार, दोघांचं दुखणं एकच, हे वाचून मला फार हसू आलं होतं.

म्हणून रस्त्यावर हँडबुकमधला दाब ठेवायचा, टायर थंड असताना मोजायचा, आणि त्याच्या खाली जायचं नाही. ट्रॅकवर कोरड्यात लोक थंड टायरमध्ये मुद्दाम कमी हवा भरतात कारण तापल्यावर वाढते, पण पावसात टायर तापत नाही, म्हणजे ती वाढ मिळतच नाही, त्यामुळे पावसाच्या दिवशी सुरुवातच दोन-तीन पीएसआय जास्तीने करावी लागते. टायर बदलून काही फरक पडला नाही म्हणणाऱ्या एका मित्राच्या गाडीत मोजलं तर पुढे २० आणि मागे २१ निघाले, हँडबुक म्हणतं २६. चोर सोडून संन्याशाला फाशी.

चारही टायर एकदम बदला. दोनच घ्यायची वेळ आली तर नवे मागे, मग गाडी पुढून ओढणारी असो की मागून, कारण पावसात नाक घसरलं तर वेग कमी करून सावरता येतं, शेपूट सुटलं तर हलकी गाडी, त्यातही इंजिन मध्ये असलेली, गरकन फिरते आणि विचार करायला वेळ देत नाही. पुढे एक कंपनी मागे दुसरी हा प्रकार पावसाच्या गाडीत करू नकाच.

बसवून घेताना तिथेच उभे राहा. माझे व्हीवाले टायर बसवणाऱ्याने मागचं एक चाक उलटं लावलं होतं, बाण मागे. मी बिल देऊन निघालो, घरी येऊन गाडी धुताना लक्षात आलं की डावीकडची नक्षी पुढे बघतेय आणि उजवीकडची मागे. उलटा बसलेला व्ही पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी मध्ये गोळा करतो. परत जाऊन टायर रिमवरून काढून फिरवून घेतला, बसवणारा म्हणाला एवढा काय फरक पडतो साहेब, मी म्हटलं पाऊस पडला की सांगतो. साइडवॉलवर बाण आणि रोटेशन असा शब्द असतो, असिमेट्रिक असेल तर आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर, दोन मिनिटांचं काम आहे, चारही चाकांभोवती फिरून बघा. अलाइनमेंटही त्याच वेळी करून घ्या, अरुंद टायरवर टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला असला की ओल्यात गाडी विनाकारण बेचैन वाटते.

नव्या टायरवर साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो, त्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर कोरड्यातच बेताने चालवा. मग पहिल्या पावसात रिकामी मोकळी जागा शोधा, ताशी ४० वरून ब्रेक मारा, मग ५० वरून, गोलात हळूहळू वेग वाढवत न्या आणि पकड सुटायच्या आधी स्टिअरिंग हाताला काय सांगतं ते ऐका. माझ्या १८५ वर ते आधी जरा सैल पडतं, मग हलकी थरथर येते, मग सुटतं. जुन्या २०५ वर यातलं काहीच यायचं नाही, थेट सुटायचं. त्या चाकोरीच्या रस्त्याने परत गेलो होतो नंतर, पावसातच, ताशी ७० ने. खाली पाणी फाडल्याचा आवाज आला, स्टिअरिंग किंचित ओढलं, आणि आरपीएमचा काटा होता तिथेच राहिला.